पायथनमधून 'आर' चालवणाऱ्या पॅकेजबाबत संगणक समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य, संगणक समिती, यांस,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आपण काढलेल्या परिपत्रकानुसार येत्या शैक्षणिक वर्षापासून आपल्या कृषी संशोधन संस्थेचे अंतर्गत पॅकेज भांडार, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरांचा साठा, बंद होणार आहे. त्यातील सांख्यिकीची सॉफ्टवेअरे, आणि परिपत्रकात नाव घेऊन उल्लेख केलेली, पायथन या संगणक भाषेतून 'आर' ही सांख्यिकीची भाषा चालवणारी आरपाय२ ही लायब्ररी, यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याने आणि प्रत्येक उपकेंद्राने 'पिप' हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन वापरून आपापल्या खात्यात बसवून घ्यायची आहे. या निर्णयाबाबत मी विभागामार्फत दोनदा लेखी निवेदन दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या संस्थेत असे परिपत्रक टंकलिखित होऊन सहीसाठी थांबलेले असेल, तर तिथल्या लोकांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

मी सांख्यिकी विभागात साहाय्यक आहे. खरीप आणि रब्बीच्या वाण-चाचण्यांचे आराखडे काढणे आणि काढणीनंतर आलेल्या आकड्यांचे प्रसरण विश्लेषण करून देणे, हे माझे मूळ काम. पॅकेजिंग हे माझ्या नेमणुकीच्या आदेशात कुठेही लिहिलेले नाही. ते माझ्याकडे आले, कारण ते कोणीतरी करणे भाग होते. गेली आठ वर्षे आरपाय२चे डेब पॅकेज, म्हणजे आपल्या संगणकांवरच्या डेबियन या लिनक्स प्रणालीवर बसणारे पॅकेज, मी बांधत आले आहे. त्यामुळे या पत्रात माझा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करते. भांडार बंद झाले तर माझे काम कमी होणार नाही. तेच काम पस्तीस वेगवेगळ्या संगणकांवर, पस्तीस वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे येईल.

परिपत्रकात आरपाय२ला 'पायथनची एक लायब्ररी' म्हटले आहे. माझी पहिली तक्रार या वर्णनाबद्दल आहे, कारण पुढचे सगळे चुकीचे गणित त्यातूनच निघाले आहे. पायथनची साधी लायब्ररी बसवली की ती पायथनपुरतीच राहते. आरपाय२ तशी नाही. तिचे काम दुसऱ्याच एका भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतल्या आज्ञा वाचून अमलात आणणारा कार्यक्रम, चालू करून त्याच्याकडून काम करवून घेणे हे आहे. तो इंटरप्रिटर म्हणजे आर. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी १.० आवृत्तीपर्यंत पोहोचलेली ही सांख्यिकीची भाषा आज आपल्या प्रत्येक चाचणी अहवालामागे आहे. म्हणजे आरपाय२ अर्धी पायथनची आणि अर्धी आरची आहे, आणि दोन्ही अर्धी एकमेकांशी जुळलेली नसतील तर ती चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कधीकधी ती चालते आणि चुकीचे उत्तर देते.

दुसऱ्या भाषेतून आर चालवण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्यांतला फरक समितीने समजून घ्यावा, ही विनंती. पूर्वी आपल्या विभागात पर्ल या भाषेतल्या स्क्रिप्ट होत्या, तेव्हा आम्ही स्टॅटिस्टिक्स-आर हे मॉड्यूल वापरत असू. त्याची रीत सोपी आहे. ते आर हा स्वतंत्र कार्यक्रम म्हणून सुरू करते, नळीच्या एका टोकातून त्याला आज्ञा लिहून पाठवते आणि दुसऱ्या टोकातून छापून आलेला मजकूर वाचते. आर कोलमडले तर नळी तुटते, पर्ल शाबूत राहते. अशा मॉड्यूलचे पॅकेज करणे फारसे अवघड नाही. 'आर बसवलेले हवे' एवढी अट नोंदवली की बहुतेक काम झाले. आरपाय२ मात्र आरला शेजारच्या खोलीत न ठेवता स्वतःच्याच घरात घेते. आरची सामायिक लायब्ररी पायथनच्या प्रक्रियेत चढवली जाते आणि दोघेही एकाच स्मृतीत वावरतात. यामुळे वेग मिळतो आणि मोठमोठ्या सारण्या मजकुरात न बदलता इकडून तिकडे जातात. पण आर कोलमडले की पायथनही त्याच्याबरोबर जाते, आणि ज्या आरच्या आधारे लायब्ररी संकलित झाली (म्हणजे मूळ स्रोतातून यंत्राला चालवता येईल अशा रूपात बनली) तेच आर चालवताना समोर आले नाही, तर काय होईल याची हमी कोणीही देत नाही.

आता 'प्रत्येकाने स्वतः बसवावे' या वाक्याकडे येते. आपल्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर डेबियन आहे. डेबियन १२ पासून पिपला सरळ सांगितलेले आहे की, यंत्रणेच्या पायथनमध्ये हात घालायचा नाही. विद्यार्थ्याने आज्ञा दिली की नकार येतो, आणि नकाराच्या खालीच तो नकार ओलांडायचा पर्याय छापलेला असतो. त्या पर्यायाच्या नावातच 'यंत्रणेची पॅकेजे मोडा' असे लिहिलेले आहे. तरीही विद्यार्थी तो वापरतात, कारण उद्या सकाळी त्यांना मार्गदर्शकांना तक्ता दाखवायचा असतो. मी त्यांना दोष देत नाही. जो शहाणा विद्यार्थी वेगळे आभासी पर्यावरण, म्हणजे यंत्रणेला धक्का न लावणारी पायथनची स्वतंत्र जागा, तयार करतो, त्याला पुढची पायरी आडवी येते. लायब्ररीचा आरशी जोडला जाणारा भाग सहसा त्याच्याच संगणकावर संकलित करावा लागतो. त्यासाठी संकलक हवा, आरच्या विकासाच्या फाइली हव्यात, शिवाय आर ज्यांच्यावर उभे आहे त्या पीसीआरई२, एलझेडएमए, बीझेड२ या लायब्ररींच्याही विकास-फाइली हव्यात. त्या बसवण्याचा अधिकार विद्यार्थ्याच्या खात्याला नाही. आपणच तो दिलेला नाही, आणि ते योग्यच आहे. मग परिपत्रकातली सूचना पाळायची कोणी आणि कशी?

उपकेंद्रांचे तर बोलायलाच नको. तालुक्याच्या रस्त्यापासून चार किलोमीटर आत असलेल्या आमच्या एका केंद्रावर पावसाळ्यात वीज असेल तर नेट नसते आणि नेट असेल तर वीज नसते. तिथे आजवर मी पेनड्राइव्हवर डेब फाइली पाठवत आले. एक आज्ञा दिली की काम होत असे.

तिसरी तक्रार आवृत्त्यांची आहे. परिपत्रक म्हणते की स्वतः बसवल्याने 'नेहमी अद्ययावत आवृत्ती' मिळेल. आमच्या कामात अद्ययावत असण्याची किंमत काय असते, ते एका घडलेल्या प्रसंगावरून सांगते.

२०२२च्या खरिपात एका उपकेंद्रावर सोयाबीनच्या बारा वाणांची चाचणी होती. तीन पुनरावृत्ती, म्हणजे छत्तीस वाफे. प्रत्येक पुनरावृत्तीत वाणांचा क्रम यादृच्छिक हवा, म्हणून तो आरकडून काढून घेतात. पुढे तोच क्रम पुन्हा मिळावा यासाठी आरला सुरुवातीला एक आकडा दिला जातो. त्याला इंग्रजीत 'सीड' म्हणतात. शेतकी संस्थेत सीड म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर पोतेच येते, म्हणून आम्ही त्याला बीजांक म्हणतो. त्या केंद्रावरचा लॅपटॉप भांडाराच्या बाहेर होता. तिथल्या एका विद्यार्थ्याने जुन्या डेबियन १० वर, ज्यात आर ३.५.२ होते, सगळे स्वतः बसवून घेतले होते. म्हणजे आजच्या परिपत्रकात जे सांगितले आहे, तंतोतंत तेच त्याने केले होते. आराखडा निघाला, खुंट्या ठोकल्या, पेरणी झाली. जुलैत कार्यालयात पाणी शिरले आणि आराखड्याचा कागद गेला, लॅपटॉपही गेला. बीजांक मात्र वहीत लिहिलेला होता, त्यामुळे कोणाला काळजी वाटली नाही.

काढणीनंतर इथल्या प्रयोगशाळेत तोच बीजांक देऊन आराखडा पुन्हा काढला. इथे डेबियन ११ होते, आर ४.०.४. संगणकाने कुरकुर न करता बारा वाणांचा क्रम तीनदा छापून दिला. त्याप्रमाणे वजने वाणांच्या नावांवर चढवली गेली. विश्लेषण केले तर एकाच वाणाचे उत्पादन तीन पुनरावृत्तींत तीन तऱ्हांचे. विचलन गुणांक, म्हणजे आकड्यांतल्या चढउताराचे माप, इतका चढला की चाचणी बाद करण्याचा शेरा मी जवळजवळ लिहिलाच होता. पेरणीच्या वेळी हजर असलेल्या कृषी सहायकाने आपल्या खिशातल्या डायरीत वाफ्यांचा नकाशा पेन्सिलीने उतरवून ठेवला होता, म्हणून चूक सापडली. संगणकाने दुसऱ्यांदा छापलेला क्रम आणि शेतातला क्रम यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

कारण असे. आर ३.६.० मध्ये, २०१९ साली, यादृच्छिक निवड करणाऱ्या 'सॅम्पल' या फलनाची रीत बदलली. जुन्या रीतीत आकडे पूर्णांकात बसवताना किंचित पक्षपात होत होता, तो काढण्यासाठी हा बदल झाला. बदल योग्यच होता आणि तो आरच्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलेला होता. पण त्यामुळे त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या आरला एकच बीजांक दिला तरी क्रम वेगवेगळे येतात. कोणालाही पडताळून पाहता येईल. बीजांक ४२ देऊन एक ते दहा हे आकडे पिसायला सांगितले, तर जुने आर १०, ९, ३, ६, ४ अशी सुरुवात करते आणि नवे आर १, ५, १०, ८, २ अशी. जुनी रीत मागून घेण्याची सोयही नव्या आरमध्ये ठेवलेली आहे, पण आराखडा कोणत्या आरने काढला हेच जर कुठे नोंदलेले नसेल, तर ती मागणार कोण?

त्या हंगामानंतर मी आमच्या पॅकेजमध्ये एक छोटी भर घातली. आराखडा काढणारी आज्ञा आता प्रत्येक कागदाच्या तळाशी आरची आवृत्ती, आरपाय२ची आवृत्ती आणि यादृच्छिक निवडीची रीत छापते. पॅकेज बांधले जात असताना ठरावीक बीजांकांचे क्रम अपेक्षित क्रमांशी ताडून पाहणारी एक चाचणी आपोआप चालते, आणि ती नापास झाली तर पॅकेज तयारच होत नाही. हा काही मोठा पराक्रम नव्हे, चाळीसेक ओळींचे काम आहे. पण भांडार नसेल तर त्या चाळीस ओळी राहणार कुठे, आणि पस्तीस जणांच्या पस्तीस खात्यांत त्या पोहोचवणार कोण?

असेच दुसरे उदाहरण आर ४.०.० चे आहे. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून फाइलीतून वाचलेला मजकूर आपोआप 'घटक' या प्रकारात, म्हणजे ठरावीक नावांच्या (स्तरांच्या) गटांत, बदलणे बंद झाले. आमच्या जुन्या स्क्रिप्ट वाणांची यादी घटकाच्या स्तरांवरून काढत. नव्या आरमध्ये स्तरच रिकामे आले, फेरे शून्य वेळा फिरले आणि कोरा तक्ता निघाला, तोही कोणतीही त्रुटी न दाखवता. ही गोष्ट विद्यार्थ्यांपर्यंत जाण्याआधी माझ्याच टेबलावर पकडली गेली, कारण आवृत्ती बदलताना ती आधी पॅकेजमधून जात होती.

आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्या कोणत्याही सर्वसाधारण सूचनापत्रकात आपल्याला सापडणार नाही, कारण ती आपल्या लिपीची आहे. रात्रीच्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना भाषेची मांडणी, म्हणजे कोणत्या लिपीत छापायचे याची सूचना, मिळत नाही. मग पायथनच्या आत सुरू झालेले आर देवनागरी अक्षर ओळखते, पण छापताना त्याचा सांकेतिक क्रमांक छापते. 'ग'च्या जागी कोनी कंसात यू+०९१७. एका अहवालात गावांची सगळी नावे अशी छापून वरिष्ठांकडे गेली होती, आणि ती कोणत्या तालुक्यातली असे त्यांनी फोनवर विचारले, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना. पॅकेजमधल्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये मांडणीची एक ओळ घातल्यापासून हे बंद झाले.

एका मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे. परिपत्रकात म्हटले आहे की, भांडार 'एकाच व्यक्तीवर अवलंबून' आहे. खरे आहे. गेल्या वर्षी मी दीड महिना रजेवर होते, त्या काळात आरची सुधारित आवृत्ती भांडारात आली नाही आणि दोन विद्यार्थ्यांचे काम अडले. हा दोष मी मान्य करते. पण एकाच माणसाला विहीर माहीत आहे म्हणून विहीर बुजवत नाहीत, दुसऱ्याला तिची वाट दाखवतात. माझ्या मदतीला कोणी द्यावे अशी मागणी मी २०२१ पासून तीन वेळा केली आहे. ज्या उणिवेवर उपाय मागितला होता, तीच उणीव आता भांडार बंद करण्याचे कारण म्हणून माझ्यापुढे ठेवली गेली, याचे दुःख निर्णयाहून अधिक आहे.

खर्चाच्या मुद्द्याबद्दल थोडक्यात लिहिते. भांडार एका जुन्या संगणकावर चालते, त्याला परवाना शुल्क नाही. पायथन, आर आणि आरपाय२ तिन्ही मुक्त आहेत. माझा वेळ धरला, तर वर्षातून दोनदा मिळून सात-आठ दिवस जातात. पर्यायी व्यवस्था म्हणून बाहेरच्या कंत्राटदाराकडून तयार डिस्क-प्रतिमा (सगळी सॉफ्टवेअरे आधीच बसवलेल्या डिस्कची प्रत) घेण्याचा जो प्रस्ताव आहे, त्याबद्दल एवढेच म्हणेन की आर आणि आरपाय२ जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहेत. जो कोणी त्यांची संकलित प्रत आपल्याला देईल, त्याच्याकडून आपण स्रोत, म्हणजे मूळ कार्यक्रमाचा मजकूर, मागू शकतो, आणि तो त्याने द्यायलाच हवा. प्रस्तावाच्या कागदांत स्रोताचा उल्लेख नाही. काय बदलले आहे हे न पाहता ती प्रतिमा सगळ्या केंद्रांवर चढवू नये.

आता माझ्या मागण्या. परिपत्रकाचा भांडाराबद्दलचा भाग निदान पुढचा खरीप हंगाम संपेपर्यंत स्थगित करावा. आरची नवी मुख्य आवृत्ती बहुधा एप्रिलच्या सुमारास येते, म्हणजे आमच्या आराखड्यांच्या ऐन तोंडावर, आणि त्याच वेळी प्रत्येकाला आपापली आवृत्ती निवडायला सांगणे म्हणजे २०२२ ची पुनरावृत्ती ओढवून घेणे होय. चालू चाचणीचा हंगाम संपेपर्यंत प्रयोगशाळेत आणि उपकेंद्रांवर आर व आरपाय२ची एकच ठरलेली जोडी राहील, असा नियम समितीने लेखी करावा. ज्यांना नवी आवृत्ती हवी त्यांनी ती वेगळ्या पर्यावरणात जरूर वापरावी, पण चाचणीचा अधिकृत आराखडा आणि अधिकृत विश्लेषण ठरलेल्या जोडीवरच व्हावे. पॅकेजिंगचे काम माझ्याबरोबर शिकण्यासाठी एका कनिष्ठ सहकाऱ्याची नेमणूक व्हावी, आणि आम्हा दोघांचेही हे काम वार्षिक कार्य-अहवालात काम म्हणून मोजले जावे. आज तो रकानाच नाही. आठ वर्षे मी ते 'इतर' या सदराखाली लिहीत आले आहे. शेवटची मागणी अशी की, कंत्राटदाराच्या प्रस्तावावर निर्णय घेण्याआधी सांख्यिकी विभागाचा एक प्रतिनिधी बैठकीला बोलवावा. तो मीच असावा, असा आग्रह नाही.

नव्या आवृत्त्या येऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. आम्ही केलेले पॅकेज परिपूर्ण आहे, असाही दावा नाही. काही वेळा ते मूळ लायब्ररीच्या मागे सहा-सहा महिने राहिले आहे. तेवढा उशीर कमी कसा करायचा यावर समितीकडे काही सूचना असतील, तर त्या मला हव्याच आहेत.

पॅकेजच्या सगळ्या स्रोत-फाइली, बदलांची नोंदवही, चाचण्या आणि २०२२ च्या चाचणीच्या पुन्हा काढलेल्या आराखड्याची छायाप्रत विभागातील माझ्या टेबलावरच्या संगणकात आहेत. कृषी सहायकाच्या डायरीतले पानही त्यांच्या परवानगीने सोबत ठेवले आहे. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीननंतर मी जागेवर असते. समितीपैकी कोणीही यावे. एका संगणकावर जुने आर आणि दुसऱ्यावर नवे आर उघडून, एकच बीजांक देऊन दोन वेगळे आराखडे कसे निघतात, ते दाखवायला पाच मिनिटे लागतात.

आपली विश्वासू,
सांख्यिकी विभागातील एक साहाय्यक